जॉन मॅकार्थी : विचार करणारं मशीन बनवायला निघाले आणि आपल्याला टूल्स देऊन गेले

मोबाइलवर टर्मक्समध्ये पायथन सुरू केलंत की तीन बाणांची खूण येते आणि कर्सर लुकलुकत थांबतो. तुम्ही २ + ३ टाइप करता, एंटर दाबता, खाली ५ येतं. काही चुकलं तर एरर येते आणि बाण पुन्हा हजर. कोडमध्ये इफ-एल्स तर आपण डोळे मिटून लिहितो. लिस्ट बनवतो, वापरतो, सोडून देतो. तिने अडवलेली मेमरी परत कोण मोकळी करतं, याचा विचारही मनात येत नाही.

या तिन्ही सोयींचं मूळ शोधत मागे गेलं की आपण एकाच भाषेपाशी पोचतो. तिचं नाव लिस्प. आणि एकाच माणसापाशी, जॉन मॅकार्थी.

इंजिनिअरिंगला असताना आमच्या एआयच्या नोट्समध्ये मॅकार्थी दोन ओळींत संपायचे. एक, आर्टिफिशियल इंटेलिजन्स हा शब्द त्यांनी दिला. दोन, लिस्प भाषा त्यांनी तयार केली. दोन मार्कांचं उत्तर, पुढचा प्रश्न! नोकरीत रोज कोड लिहायला लागल्यावर मला त्या दुसऱ्या ओळीत जास्त रस वाटायला लागला. कारण मॅकार्थींना प्रोग्रामरसाठी टूल्स बनवायचीच नव्हती. त्यांना विचार करणारं मशीन हवं होतं. त्या वाटेवर जी जी अडचण आली, तिच्यावर त्यांनी एकेक उपाय काढला. त्या मशीनचं काय झालं ते शेवटी बघू. उपाय मात्र आज आपण सगळे वापरतोय.

पीटीला दांडी, गणितात पुढे

जॉनचा जन्म ४ सप्टेंबर १९२७ चा, अमेरिकेतल्या बोस्टनमधला. वडील आयर्लंडहून आलेले, आई लिथुआनियातून आलेल्या ज्यू कुटुंबातली. वडिलांनी सुतारकाम केलं, मासेमारी केली, पुढे कामगार संघटनेचं काम केलं. घर डाव्या विचारांचं. मंदीच्या काळात कुटुंबाला गावं बदलावी लागली आणि शेवटी ते लॉस एंजेलिसला स्थिरावले. जॉनची तब्येत नाजूक होती, हेही तिकडे जाण्याचं एक कारण होतं.

शाळेत असतानाच त्याने कॅलटेक या नामांकित संस्थेत चालणारी गणिताची पुस्तकं मिळवून घरीच अभ्यास केला. १९४४ मध्ये तिथेच प्रवेश मिळाला, तेव्हा गणिताची पहिली दोन वर्षं त्याला करावीच लागली नाहीत. पण पीटीच्या तासांना जायचं नाही म्हणजे नाही! या कारणावरून त्याला कॉलेजातून काढलं. मध्ये लष्करात काम करून तो परत आला आणि १९४८ मध्ये पदवीधर झाला.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये कॅलटेकला मेंदू आणि वर्तन या विषयावर एक परिषद झाली. तिथे जॉन फॉन नॉयमन यांचं भाषण झालं. स्वतःसारखं दुसरं यंत्र तयार करू शकेल असं यंत्र शक्य आहे का, असा त्यांचा विषय होता. एकवीस वर्षांच्या मॅकार्थींच्या डोक्यात तेव्हाच किडा शिरला : माणसासारखा विचार करणारं मशीन बनवता येईल का? १९५१ मध्ये प्रिन्स्टनहून त्यांनी गणितात पीएचडी घेतली, पण हा किडा काही गेला नाही.

एआयचं बारसं

१९५५ मध्ये मॅकार्थी डार्टमथ कॉलेजात शिकवत होते. त्यांनी मार्व्हिन मिन्स्की, आयबीएमचे नॅथॅनियल रॉचेस्टर आणि माहितीशास्त्राचे जनक क्लॉड शॅनन यांना सोबत घेऊन रॉकफेलर फाउंडेशनकडे अर्ज केला. पुढच्या उन्हाळ्यात दहा माणसं दोन महिने एकत्र बसतील आणि बुद्धी म्हणजे काय ते मशीनला शिकवण्याच्या दिशेने ठोस काहीतरी करतील, असा प्रस्ताव होता. या प्रस्तावाच्या नावातच आर्टिफिशियल इंटेलिजन्स हे शब्द पहिल्यांदा आले.

दोन महिन्यांत बुद्धीचा प्रश्न काही सुटला नाही. लोक आपापल्या सोयीने आले आणि गेले. पण त्या १९५६ च्या उन्हाळ्यात मॅकार्थींना एक महत्त्वाची गोष्ट दिसली. ॲलन न्यूएल आणि हर्बर्ट सायमन यांनी आयपीएल नावाची भाषा आणली होती. तिच्यात आकड्यांऐवजी याद्यांवर, म्हणजे लिस्टवर, काम चालायचं. कल्पना त्यांना फार आवडली, भाषा मात्र अजिबात नाही. ती मशीनच्या इतकी जवळची होती की लिहिताना जीव मेटाकुटीला यावा.

लिस्ट का हवी, ते समजून घेऊ. तेव्हाचे कॉम्प्युटर आकडेमोड करायला बनवलेले होते. पण आपण विचार करतो तेव्हा आकड्यांपेक्षा गोष्टी आणि त्यांच्यातले संबंध हाताळतो. गाडी घरी आहे, घर गावात आहे, म्हणून गाडी गावात आहे. अशी वाक्यं साठवायची तर त्यांची लांबी आधी ठरवता येत नाही. लिस्ट हवी तेवढी वाढते, लिस्टमध्ये दुसरी लिस्टही बसते. मॅकार्थींना अशी भाषा हवी होती जिच्यात हे सगळं बीजगणितासारखं सरळ लिहिता येईल.

बुद्धिबळातून आलेलं इफ-एल्स

यानंतर मॅकार्थी एमआयटीला आले. पुण्यातलं नव्हे, अमेरिकेतलं मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी. तिथे ते फोर्ट्रान भाषेत बुद्धिबळाच्या चाली काढणारा प्रोग्राम लिहीत होते. तेव्हाच्या फोर्ट्रानमधलं इफ भलतंच विचित्र होतं. उत्तर ऋण आलं तर या ओळीवर जा, शून्य आलं तर त्या ओळीवर, धन आलं तर तिसऱ्याच ओळीवर. प्रोग्राम वाचताना बोटं ठेवून पानं उलटावी लागायची.

मॅकार्थींनी आधी एक फंक्शन लिहून बघितलं : अट आणि दोन पर्याय द्या, योग्य तो पर्याय परत मिळेल. त्यात एक गोम होती. फंक्शनला काहीही द्यायचं तर ते आधी मोजावं लागतं. म्हणजे एकच पर्याय हवा असला तरी मशीन दोन्ही मोजत बसायचं.

यात केवळ वेळ वाया जातो असं नाही. फॅक्टोरियल आठवा. शून्य असेल तर उत्तर १, नाहीतर त्या संख्येला आधीच्या संख्येच्या फॅक्टोरियलने गुणा. मशीन दोन्ही पर्याय नेहमीच मोजत राहिलं तर शून्यापाशी ते थांबणारच नाही, उणे एक, उणे दोन असं खाली खाली जात राहील. म्हणून मॅकार्थींनी नियम केला की आधी अट तपासायची, मग जो पर्याय लागू होतो तेवढाच मोजायचा. आज वाचताना यात विशेष काही वाटत नाही ना? पण या एका नियमामुळे स्वतःलाच हाक मारणारं फंक्शन, म्हणजे रिकर्शन, कागदावर सुटसुटीत लिहिता यायला लागलं. पुढे अल्गोल ६० ही भाषा ठरवणाऱ्या समितीत मॅकार्थी होते. तिथे त्यांनीच ही रचना सुचवली आणि अल्गोलच्या वंशातल्या असंख्य भाषांमध्ये ती पोचली.

एक खोली, दोन प्रोग्रामर, एक मशीन

१९५८ च्या शरद ऋतूत मॅकार्थी आणि मिन्स्की यांनी एमआयटीत एआयचा प्रकल्प सुरू करायचा ठरवलं. त्यांनी प्रयोगशाळेचे प्रमुख जेरोम विस्नर यांच्याकडे मागितलं काय, तर एक खोली, दोन प्रोग्रामर, एक सेक्रेटरी आणि कार्डांना भोकं पाडायचं एक मशीन. विस्नर यांनी हे सगळं दिलं आणि वर सहा पीएचडीचे विद्यार्थीही देऊन टाकले! इथे लिस्प तयार व्हायला लागली.

कॉम्प्युटर होता आयबीएम ७०४. त्याची मेमरी जास्तीत जास्त ३२,७६८ शब्दांची, प्रत्येक शब्द ३६ बिट्सचा. हिशेब केला तर १४४ केबी होते. व्हॉट्सॲपवर आलेला एखादा फोटो यापेक्षा मोठा असतो. एवढ्या जागेत लिस्ट बनवत गेलं तर मेमरी भराभर संपणार. वापरून झालेली जागा परत मिळवायची कशी?

त्याआधीच्या उन्हाळ्यात मॅकार्थी आयबीएममध्ये कॅल्क्युलसचे डेरिव्हेटिव्ह काढणारा प्रोग्राम आखत होते, तेव्हाच त्यांना हा प्रश्न पडला होता. हे नको, ते पुसून टाक, अशा सूचना प्रोग्रामरने जागोजागी लिहायच्या, हा सोपा मार्ग होता. पण मग गणिताच्या सूत्रासारखा स्वच्छ दिसणारा कोड त्या सूचनांनी बरबटून गेला असता. मॅकार्थींनी ठरवलं, माणसाने काहीच पुसायचं नाही. मेमरी संपत आली की मशीनने स्वतःच थांबून साफसफाई करायची.

कशी? होस्टेलची रूम डोळ्यासमोर आणा. सेमिस्टर संपलंय, खोलीभर पसारा आहे. प्रत्येक जण आपापल्या वस्तूंवर खडूने खूण करतो. बॅग माझी, म्हणजे बॅगेतलं पुस्तक माझं, पुस्तकातली चिठ्ठीही माझी. सगळ्यांच्या खुणा करून झाल्या की जिच्यावर खूण नाही ती वस्तू कुणाचीच नाही, ती बाहेर. लिस्पही हेच करायची. प्रोग्राम सध्या ज्या लिस्ट वापरतोय तिथून सुरुवात करून जिथे जिथे पोचता येईल तिथे खूण, बाकीची जागा मोकळी. यालाच गार्बेज कलेक्शन म्हणतात. आज जावा, पायथन, जावास्क्रिप्ट या भाषांत मेमरीची साफसफाई आपोआप होते. तुमच्या अँड्रॉइड फोनवर हा लेख उघडा असतानाही ती कुठेतरी चालू असणार.

कागदावरचं फंक्शन जिवंत झालं

आता माझा सर्वांत आवडता किस्सा. लिस्पचा पूर्ण कंपायलर लिहायला फार वेळ लागणार, हे सगळ्यांना माहीत होतं. म्हणून सुरुवातीला लिस्पमधली फंक्शन्स माणसंच हाताने मशीनच्या भाषेत उतरवत होती. दरम्यान मॅकार्थी एक पेपर लिहीत होते. लिस्प गणिताच्या दृष्टीने किती नेटकी आहे हे दाखवण्यासाठी त्यांनी त्यात इव्हॅल नावाचं एक फंक्शन लिहिलं. त्याला लिस्पमधली कुठलीही लिस्ट द्या, ती प्रोग्राम समजून ते चालवतं आणि उत्तर देतं. म्हणजे लिस्पचा अर्थ लिस्पमध्येच सांगितला, तोही जेमतेम पानभर जागेत.

टीममधला एक तरुण प्रोग्रामर होता, स्टीव्ह रसेल. तो म्हणाला, हे इव्हॅल मी मशीनच्या भाषेत लिहून काढतो, मग आपल्याला भाषा चालवायला कंपायलरची वाट बघायची गरजच नाही. मॅकार्थींनी त्याला समजावलं की तू थिअरी आणि प्रॅक्टिकलची गल्लत करतोयस, हे वाचण्यासाठी आहे, चालवण्यासाठी नाही. रसेलने ऐकलं नाही. त्याने ते लिहून काढलं, आणि लिस्पचा इंटरप्रिटर तयार झाला! (हाच रसेल पुढे स्पेसवॉर या सुरुवातीच्या कॉम्प्युटर गेममागचा मुख्य माणूस ठरला.) मॅकार्थींचा मोठेपणा हा की ही गोष्ट त्यांनी स्वतःच नंतर लिहून ठेवली आणि श्रेय रसेलला दिलं. पेपर एप्रिल १९६० मध्ये छापून आला. त्याच्या नावात भाग पहिला असं लिहिलं होतं. भाग दुसरा कधी आलाच नाही.

याच गडबडीत लिस्पचे ते प्रसिद्ध कंस कायमचे चिकटले. मॅकार्थींच्या मनात माणसांसाठी एक वेगळी, नेहमीच्या गणितासारखी लिखाणाची पद्धत होती. कंसांच्या लिस्ट फक्त मशीनच्या आतल्या वापरासाठी. पण रसेलचा इंटरप्रिटर कंसांच्या लिस्टच वाचायचा, लोकांना त्याच आवडल्या, आणि ती दुसरी पद्धत मागे पडली. लिस्पमध्ये दोन अधिक तीन असं लिहितात :

(+ २ ३)

आणि त्या बेरजेला चारने गुणायचं असेल तर :

(* (+ २ ३) ४)

बघायला विचित्र आहे, मान्य. पण नीट बघा, हा प्रोग्राम म्हणजे एक लिस्टच आहे. लिस्प तर लिस्ट हाताळायला बनवलेली भाषा. म्हणजे प्रोग्राम वाचणारा, तपासणारा, बदलणारा दुसरा प्रोग्राम लिहिणं लिस्पमध्ये सर्वांत सोपं. एडिटर, डिबगर, कंपायलर ही टूल्स शेवटी हेच तर करतात. लिस्पच्या लोकांनी पुढची तीस वर्षं टूल्समध्ये जी मजल मारली तिचं रहस्य या कंसांत आहे.

वाट बघण्याचा कंटाळा

त्या काळात प्रोग्राम चालवायचा म्हणजे काय होतं? कोड कार्डांवर पंच करायचा, गठ्ठा ऑपरेटरकडे द्यायचा आणि निघून जायचं. तुमच्या आधीच्या सगळ्यांची कामं झाली की तुमचा नंबर. कागद हातात यायला तासन् तास, कधी दुसरा दिवस. एक स्वल्पविराम चुकला की पुन्हा रांगेत.

मी नोकरीत ज्या पहिल्या प्रोजेक्टवर होते तिथे एक बिल्ड व्हायला पाऊण तास लागायचा. तेवढ्यात दोन चहा व्हायचे आणि कशासाठी काय बदललं होतं तेच विसरायला व्हायचं. पाऊण तासाने ही अवस्था, तर एका दिवसाने काय होत असेल?

मॅकार्थींनी १ जानेवारी १९५९ रोजी एमआयटीच्या कॉम्प्युटर सेंटरचे प्रमुख फिलिप मोर्स यांना एक टिपण पाठवलं. कॉम्प्युटर इतका वेगवान आहे आणि माणूस टाइप करताना इतका हळू, की एकच मशीन अनेकांमध्ये वाटून देता येईल. थोडा वेळ याचं काम, थोडा वेळ त्याचं. प्रत्येकाला वाटेल मशीन आपल्याच समोर बसलंय. ही टाइम-शेअरिंगची कल्पना. त्यांचे एमआयटीतले सहकारी फर्नांडो कॉर्बातो यांनी नोव्हेंबर १९६१ मध्ये अशी व्यवस्था चालवून दाखवली. त्याच वर्षी एमआयटीच्या शताब्दीच्या भाषणात मॅकार्थींनी सांगितलं की एक दिवस कॉम्प्युटरची ताकद टेलिफोनसारखी सार्वजनिक सेवा होईल, ज्याला जेवढी हवी तेवढी तो घेईल आणि तेवढेच पैसे देईल. क्लाउडचं बिल भरणाऱ्या कुणालाही हे ओळखीचं वाटेल.

समोरासमोर बसून लिस्प वापरण्याचा पहिला जाहीर प्रयोगही त्यांनी या सुमारास केला. पाहुणे उद्योगजगतातले, त्यांच्यावर छाप पडणं गरजेचं. पाहुणे चौथ्या मजल्यावर टीव्हीसमोर, मॅकार्थी पहिल्या मजल्यावर मशीनपाशी माइक घेऊन. मशीनला टाइपरायटरसारखं एक यंत्र जोडलेलं, सेकंदाला दहा अक्षरं छापणारं. सगळं हळूहळू पण नीट चाललं होतं. अचानक ते यंत्र आपणहून टाइप करायला लागलं : गार्बेज कलेक्टरला बोलावण्यात आलं आहे, पुढे काही रोचक आकडेवारी... आणि मग टाइप करतच राहिलं. ऐन वेळी मेमरी संपली होती आणि साफसफाईचा पानभर अहवाल निघत होता, तोही सेकंदाला दहा अक्षरांनी. हा कलेक्टर काय प्रकार आहे हे वर कुणालाच माहीत नव्हतं. उरलेला सगळा वेळ त्यातच जाणार हे कळून चुकलं आणि मॅकार्थींना हसू आवरेना, बोलताच येईना. लाइव्ह डेमो फसण्याची परंपरा किती जुनी आहे बघा!

लिस्प मोठी झाली

१९६२ मध्ये मॅकार्थी स्टॅनफर्डला गेले आणि तिथे त्यांनी एआयची प्रयोगशाळा उभी केली. पुढे निवृत्तीपर्यंत ते तिथेच राहिले. त्यांच्या हाताखाली पीएचडी केलेल्या दोघांना कॉम्प्युटरमधला सर्वोच्च मानला जाणारा ट्युरिंग पुरस्कार मिळाला : आंध्रातल्या एका खेड्यात जन्मलेले राज रेड्डी आणि बार्बरा लिस्कोव्ह. मॅकार्थींना स्वतःला तो १९७१ मध्ये मिळाला होता.

लिस्प मात्र आता इतरांच्या हातात गेली होती, आणि तिथे गंमत सुरू झाली. १९६२ मध्ये टिम हार्ट आणि माइक लेव्हिन यांनी लिस्पचा कंपायलर लिस्पमध्येच लिहिला आणि त्याला स्वतःलाच कंपाइल करायला लावलं. पीटर डॉइच नावाच्या शाळकरी वयातल्या मुलाने पीडीपी-१ या छोट्या कॉम्प्युटरवर लिस्प आणली. टाइप करा, वाच, चालव, उत्तर छाप, पुन्हा वाच, हे चक्र तिथे रुळलं. याला आज रेपल म्हणतात. ते नाव लिस्पमधल्या रीड, इव्हॅल आणि प्रिंट या तीन फंक्शन्सवरून आलंय. इव्हॅल म्हणजे तेच, रसेलने हट्टाने मशीनवर आणलेलं.

वॉरन टाइटलमन यांनी इंटरलिस्पमध्ये असं टूल बसवलं की फंक्शनचं स्पेलिंग चुकलं तर मशीन स्वतःच ओळखून दुरुस्त करायचं. आधी दिलेल्या सूचनांची यादी ठेवायची आणि केलेलं काम अनडू करायची सोयही होती. एमआयटीत सत्तरच्या दशकात फक्त लिस्प चालवण्यासाठी खास कॉम्प्युटर बनले. त्यावर प्रोग्राम अडला तर क्रॅश होऊन सगळं संपायचं नाही. जिथे अडला तिथेच डिबगर उघडायचा, चुकीचं फंक्शन दुरुस्त करायचं आणि तिथूनच पुढे चालू! हे कॉम्प्युटर विकण्यासाठी सिम्बॉलिक्स कंपनी निघाली. मार्च १९८५ मध्ये इंटरनेटवरचं पहिलं डॉट कॉम नाव नोंदवलं गेलं, ते याच कंपनीचं. त्याच वर्षी रिचर्ड स्टॉलमन यांचा जीएनयू इमॅक्स एडिटर आला, ज्याच्या पोटात लिस्प आहे. तो आजही वापरात आहे.

१९९९ मध्ये तर ही पद्धत अंतराळात गेली. नासाचं डीप स्पेस-१ यान पृथ्वीपासून कोट्यवधी किलोमीटर दूर असताना त्यावरचा लिस्पमध्ये लिहिलेला भाग अडकला. इंजिनिअरांनी पृथ्वीवरून चालू प्रोग्रामच्या आत डोकावून दोष कुठे आहे ते शोधलं.

हरलेल्या पैजा

आणि विचार करणारं मशीन? १९६८ मध्ये स्कॉटलंडचा बुद्धिबळपटू डेव्हिड लेव्ही याने मॅकार्थींशी पैज लावली की दहा वर्षांत कुठलाही कॉम्प्युटर मला हरवू शकणार नाही. १९७८ मध्ये मुदत संपली आणि लेव्ही जिंकला. त्याआधी १९७३ मध्ये ब्रिटनमध्ये सर जेम्स लाइटहिल यांनी एआयवर कडक टीका करणारा अहवाल दिला, तेव्हा टीव्हीवरच्या वादात एआयची बाजू मांडायला मॅकार्थी गेले होते. तरी तिथला पैसा आटलाच. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी अमेरिकेतही हेच झालं आणि लिस्पचे महागडे कॉम्प्युटर बाजारातून गेले.

१९७८ हे वर्ष त्यांच्यासाठी त्याहून मोठ्या दुःखाचं होतं. त्यांची पत्नी व्हेरा वॉटसन गिर्यारोहक होती. नेपाळमधल्या अन्नपूर्णा शिखरावर गेलेल्या महिलांच्या मोहिमेत ऑक्टोबरमध्ये तिचा मृत्यू झाला.

मॅकार्थींनी हार मानली नाही. मशीनला सामान्य ज्ञान कसं द्यायचं, हा प्रश्न ते आयुष्यभर सोडवत राहिले. पक्षी उडतात हे खरं, पण पेंग्विन निघाला तर? माणूस सहज अपवाद करतो, मशीनने ते तर्काच्या नियमांनी कसं करायचं? त्यांचा विश्वास होता की बुद्धीचा रस्ता तर्कशास्त्रातून जातो. २४ ऑक्टोबर २०११ रोजी स्टॅनफर्डमधल्या घरी ते गेले. त्याच महिन्यात स्टीव्ह जॉब्ज गेले होते, सी भाषेचे डेनिस रिची गेले होते. त्या गर्दीत मॅकार्थींची बातमी अनेकांच्या नजरेतून सुटली.

यानंतर थोड्याच वर्षांत एआयची लाट आली, आणि ती वेगळ्याच रस्त्याने आली. आज तुम्ही ज्या चॅटबॉटशी बोलता तो मॅकार्थींच्या तर्काच्या नियमांवर चालत नाही. प्रचंड मजकूर वाचून शिकलेलं न्यूरल नेटवर्क त्यामागे आहे. म्हणजे आयुष्यभर ज्यावर त्यांनी भर दिला, तो रस्ता या लाटेचा नव्हता. पण हे नेटवर्क तयार करणारे लोक कुठे काम करतात ते बघा. पायथनची नोटबुक उघडतात, एक ओळ लिहितात, लगेच चालवून बघतात, चुकली तर सुधारतात. अनेकांमध्ये वाटलेले, भाड्याने घेतलेले कॉम्प्युटर वापरतात. मेमरी स्वतः पुसत बसत नाहीत. मॅकार्थींची थिअरी बाजूला राहिली तरी त्यांनी सुरू केलेली काम करण्याची पद्धत सगळ्यांनी उचलली.

मला यातलं सर्वांत मोलाचं वाटतं ते लगेच मिळणारं उत्तर. कोडिंग शिकणाऱ्याला पुस्तकापेक्षाही ते जास्त शिकवतं. चूक करायला भीती वाटत नाही, कारण चुकीची किंमत फक्त एक एंटर असते. कार्डांचा गठ्ठा घेऊन रांगेत उभ्या असलेल्या विद्यार्थ्याला ही चैन परवडत नव्हती.

तुम्हाला खुद्द लिस्पची चव घ्यायची असेल तर फोन पुरे आहे. टर्मक्समध्ये इमॅक्स पॅकेज इन्स्टॉल करा आणि सुरू करा. स्क्रॅच नावाचं पान उघडा, त्यावर वर दिलेली कंसांची ओळ इंग्रजी आकड्यांत लिहा, कर्सर शेवटच्या कंसाच्या पुढे ठेवा. मग कंट्रोल-एक्स आणि कंट्रोल-ई दाबा. खाली २० दिसेल. आता ४ च्या जागी दुसरा आकडा टाका आणि पुन्हा चालवून बघा.